एका बटणासाठी रविवार पेठ: तीन रात्री, गर्दी भरपूर, वरचे मजले अंधारात

इंदापूरचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा इंदापूरचा, पोटापाण्याला नाशकात. वडलांचं गावात जनरल स्टोअर्स होतं, बांगड्या, बटणं, लेस, रिळं असलं सगळं, आणि महिन्यातून एकदा ते मालाला पुण्याला यायचे. शाळेला सुट्टी असली की मला पण घ्यायचे. पहाटेची यष्टी, स्वारगेटला उतरायचं, तिथनं चालत मंडई, मग रविवार पेठ, दोन पोती भरायची की दुपारच्या गाडीनं परत. माझं पुणं एवढंच. डेक्कन, विद्यापीठ हे लई नंतर कळलं, ते पण पुण्यातच येतं म्हणून.

आता पुतणीचं लग्न आहे. वडील ७८ वर्षांचे, त्यांनी हट्ट धरलाय की घालीन तर माझा जुना बंद गळ्याचा कोटच घालीन. कोटाला सात बटणं, त्यातली दोन गेलेली. पितळी रंग, मधे बारीक कमळ कोरलेलं. नेटवर दाखवली तर म्हणे ही नकली चमक नको, रविवार पेठेत जा. झालं. एक बटण कापून पाकिटात घातलं आणि निघालो. कंपनीचं पण दोन दिवसाचं काम होतंच, मुद्दाम पेठेतच एक लॉज घेतला. (लॉजबद्दल काही बोलत नाही, उशीला बाम लावलेल्या डोक्याचा वास होता एवढंच.)

यावेळी स्वारगेटवरून मेट्रोनं आलो, एकच स्टेशन, दहा रुपये. खाली सगळं चकाचक, सरकते जिने, गारेगार, आणि वर डोकं काढलं की कोथिंबीर आणि ओल्या गोणपाटाचा तोच वास. मला एकदम बरं वाटलं, म्हणलं काय बदललं नाही.

पहिल्या संध्याकाळी तसंच वाटत राहिलं, तुळशीबागेत तर शनिवार असल्यानं मुंगी शिरायला जागा नव्हती, लोक एकमेकांच्या पिशव्यांना धरून पुढं सरकत होते. पण लक्ष्मी रोडला कपड्याच्या एका जुन्या दुकानात शिरलो तर पांढऱ्या गादीवर पाच सेल्समन आणि गिऱ्हाईक मी एकटा. पाची जण एकदम उठले, मला लाजल्यासारखं झालं, गरज नसताना दोन टॉवेल घेतले. शेजारच्या दुकानावर ‘दुकान बंद करणे आहे, भव्य सूट’ असा बोर्ड, आणि तो बोर्ड फ्लेक्स नाही हो, ऑइल पेंटनं रंगवून घेतलेला. आत विचारलं कधी बंद करताय, तर म्हणे बघू, यंदाची दिवाळी जाऊ द्या.

खरी गंमत रात्री कळली. साडेनऊला शटरं धडाधड खाली आली आणि मी जेवण करून मंडईकडनं रविवार पेठेत शिरलो. खाली कुत्री, खोक्यांचे ढीग, हातगाड्यांना लावलेल्या साखळ्या. सहज वर बघितलं तर सगळ्या खिडक्या काळ्या. म्हणलं मोजू. एका सलग पट्ट्यात २३ इमारती, त्यातल्या सहांत वर दिवा. बाकी ठिकाणी लाकडी गॅलरीला कुलूप, काचेतून प्लास्टिकच्या बादल्यांची चळत दिसतेय, एका गॅलरीत तुळशीची कुंडी होती आणि तिच्यात नुसती काडी उभी. दुसऱ्या रात्री परत मोजलं, सात. वडील सांगायचे या भागात रात्री दहाला पण गॅलरीतनं गॅलरीत गप्पा चालायच्या, खालनं जाणाऱ्याला पण त्यात ओढायचे.

माझं म्हणणं एवढंच आहे की पेठांत गर्दी आहे पण वस्ती नाही. दिवसा सगळं पुणं इथं येतं आणि रात्री कुणीच राहात नाही.

आता बटणाचं. तीन दुकानांत नकार. चौथं दुकान आठ फूट रुंद असेल, भिंतभर पुठ्ठ्याचे डबे, प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतल्या मालाचं एकेक बटण दोऱ्यानं शिवलेलं. गल्ल्यावर एक काका. त्यांनी माझं बटण घेतलं, चष्मा लावला नाही, नुसतं उलटं करून मागच्या कडीवरनं नख फिरवलं आणि म्हणाले, कडी तांब्याची आहे, हा माल यायचा बंद होऊन तीस वर्षं झाली, पण आहे माझ्याकडं. मी खूश. मग ते वर बघत बसले. वर माळा, माळ्याला शिडी. म्हणाले, आमचा एक माणूस होता, कुठली पेटी कुठं हे त्यालाच ठाऊक, करोनात गावी गेला तो आलाच नाही, माझे गुडघे गेलेत, माल आहे पण चढायला माणूस नाही. मी चढतो म्हणलं तर माझ्या पोटाकडं बघून नको म्हणाले.

तर बटणाशिवाय परत आलोय. दोन प्रश्न: पेठा खरंच रिकाम्या होतायत का मलाच तसं दिसलं? आणि असलं बटण आणखी कुठं मिळंल?

---

खुन्यामुरलीधराजवळ

तीन रात्रींत निदान करून मोकळे झालात, अभिनंदन. पुणं संपलं असं सांगणारे १८१८ पासून येतायत, पेठा आहेत तिथंच आहेत.

आणि खिडक्या मोजायला रविवार पेठच बरी सापडली, ती बाजाराची पेठ आहे, तिथं वर गोडाऊन असणारच. सदाशिव, नारायणमधे या की मोजायला. लक्ष्मी रोड रिकामा म्हणता, गणपतीच्या आदल्या आठवड्यात येऊन दाखवा, चालताना चप्पल सुटली तर उचलता येणार नाही.

बटणाचं माहीत नाही.

---

मुठेपलीकडची

@इंदापूरचा_पाव्हणा, तुळशीच्या कुंडीतली काडी वाचून पोटात कालवलं. पण थोडं दुसऱ्या बाजूनं पण सांगते.

माझं बालपण शुक्रवार पेठेतल्या वाड्यात गेलं. चौदा बिऱ्हाडं, तीन संडास, एक नळ. आता लोक चौकात कंदील, अंगणात झिम्मा असलं लिहितात ते खरंच आहे, पण पहाटे साडेचारला नंबर लावायला बादली ठेवून यायची ते पण खरंय, आणि पावसाळ्यात आमच्या खोलीत चार पातेली मांडलेली असायची, आई आवाजावरनं सांगायची कुठलं भरलं ते. ८९ साली आम्ही कोथरूडला दोन खोल्यांत आलो. मला वाटलेलं आई रडेल. ती स्वैपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, परत सोडला. मग म्हणाली, भांडी उद्या घासू, आज नुसतं बघू दे.

त्यामुळं लोक पेठा सोडून गेले याचं खापर मॉलवर फोडू नका. मॉल यायच्या आधीच आम्ही गेलो होतो. आमच्या आधी तर १२ जुलै ६१ ला पानशेत फुटलं तेव्हाच नदीकाठच्या पेठांतले किती जण सहकारनगर, गोखलेनगरला गेले, ते तिथलेच झाले.

तरी साडी घ्यायला मी अजून लक्ष्मी रोडलाच जाते हं. पदर खांद्यावर टाकून दाखवणारा माणूस ऑनलाइन मिळत नाही.

---

गादीवाला

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लॉगिन झालो. लक्ष्मी रोडला आमची तिसरी पिढी आहे. दुकानाचं नाव सांगणार नाही, पाव्हण्यांनी टॉवेल आमच्याकडेच घेतले असतील तर धन्यवाद :)

सगळे विचारतात ऑनलाइननं मारलं का. थोडं मारलं. माणूस येतो, कापड हाताळतो, लेबलचा फोटो काढतो आणि आमच्याच गादीवर बसून मोबाईलवर भाव बघतो. पण आमचा खरा धंदा कधीच चालता गिऱ्हाईक नव्हता, आमचा धंदा म्हणजे बस्ता. मावळातनं, मुळशीतनं, बारामती, इंदापूर, दौंडकडनं जीप भरून माणसं यायची, नवरीकडची वेगळी, नवऱ्याकडची वेगळी. सकाळी दहाला बसली की संध्याकाळी पाचला उठणार. मानापानाच्या साड्या, नवऱ्यामुलाचं सफारीचं कापड, वरमाईची पैठणी, शेवटी टोप्या टॉवेल उपरणी. मधे आम्ही चहा, भेळ, लहान पोरांना गोळ्या. एखादी आत्या रुसायचीच, तिची समजूत काढायचं काम आमच्या सगळ्यात जुन्या सेल्समनचं. एका बस्त्यात आमचा आठवडा निघायचा.

आता बस्ता तालुक्यालाच बांधतात. तिथं चार मजली दुकानं झालीत, एसी आहे, आणि मुख्य म्हणजे दाराशी चार जीप लागतात. आमच्याकडं जीप आणायची म्हणजे काय ते सांगायलाच नको. एकेरी रस्ता, आज गाडी कुठल्या बाजूला लावायची, पी वन का पी टू, हे तारखेवरनं आठवायचं, आणि बिल करून बाहेर येईपर्यंत गाडी उचललेली. एक पार्टी तर साड्या माझ्याकडंच ठेवून गाडी सोडवायला गेली, दंड भरला आणि संतापानं तशीच गावाला निघून गेली. साड्या मी दुसऱ्या दिवशी पाठवल्या, पण ते लोक पुढच्या लग्नाला आले नाहीत.

पाच सेल्समन आणि एक गिऱ्हाईक हे दृश्य खरं आहे. त्यातले दोघं वडलांच्या वेळचे आहेत. त्यांना काय सांगू, उद्यापासून येऊ नका म्हणून?

---

तिसरी_घंटा

सिनेमाचं कुणीच काढलं नाही. मंडईजवळचं आर्यन १९१५ चं, पुण्यातलं पहिलं कायमचं थेटर. तिथं आता काय आहे तर वाहनतळ. मिनर्व्हाचं पण तेच. आमचे आजोबा आर्यनला सायकल लावून पिक्चरला जायचे, आता आम्ही आर्यनलाच गाडी लावतो, पिक्चर दुसरीकडं.

---

नकाशाबहाद्दर

मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं कोरडं लिहितो, सहन करा.

वरचे मजले अंधारात असण्याची मोठी कारणं कागदात आहेत. पहिलं भाडं. जुन्या वाड्यांची भाडी कायद्यानं गोठलेली, १९९९ च्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली पण मुळात भाडंच पन्नास साठ रुपये असेल तर चार टक्के म्हणजे दोन रुपये. मालक दुरुस्ती करत नाही कारण परवडत नाही, भाडेकरू सोडत नाही कारण हक्क जाईल. मग तो राहायला सिंहगड रोडला जातो आणि खोलीला कुलूप लावून ठेवतो, महिन्याला भाडं मात्र नेमानं भरतो. पाव्हण्यांनी मोजलेल्या काळ्या खिडक्यांतल्या निम्म्या तरी अशाच असणार हा माझा अंदाज. दर पावसाळ्यात एखादी भिंत पडते, धोकादायक म्हणून नोटीस चिकटते, पुढच्या पावसाळ्यात नोटीस पण विरघळते.

दुसरं, शनिवारवाड्याच्या बाजूला वेगळाच पेच. केंद्राचं संरक्षित स्मारक असल्यानं भोवतीच्या १०० मीटरमधे नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमधे परवानगी लागते, २०१० च्या दुरुस्तीनंतर हे फार कडक झालं. कसबा, शनिवार पेठेतल्या कितीतरी लोकांना वाडा पाडून बांधताही येत नाही आणि राहण्यासारखाही उरलेला नाही. मालक आणि भाडेकरूचं एकमत झालं तरी गाडी तिथंच अडते.

तिसरं, जिथं बांधलं तिथं प्लॉट लहान, समोरचा बोळ दहा फुटी, त्यात खाली पार्किंग सोडायचं म्हणजे दुकान गेलं. म्हणजे जी गोष्ट पेठेला पेठ बनवते, खाली दुकान वर घर, तीच नवीन इमारतीत बसवताना नाकी नऊ येतात.

---

खुन्यामुरलीधराजवळ

नकाशाबहाद्दर, १०० मीटरचं बरोबर लिहिलंत, माझी सख्खी मावशी त्यात अडकलीय. घर तिचं, पण खिळा ठोकायचा तरी आधी विचार करते.

बाकी गादीवाल्यांना एक विचारतो. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा थोडा तुकडा गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, मी मुलीला घेऊन जातो, रस्त्यावर खडूनं चित्रं काय, खेळ काय, मस्त असतं. ते कायमचं केलं तर? सगळे व्यापारी विरोध का करतात?

---

गादीवाला

सगळे करत नाहीत, मी पण त्या दिवशी फिरलो आणि मला आवडलं. पण त्या दिवशी लोक फिरतात, आइस्क्रीम खातात, फोटो काढतात. साडीची पिशवी किती जणांच्या हातात होती ते बघितलंत का? आमचं गिऱ्हाईक म्हणजे पन्नाशीच्या बाई आणि त्यांचे गुडघे. मेट्रो स्टेशन ते आमचं दुकान त्यांना कुणीतरी आणून सोडलं पाहिजे, मग करा बंद, पहिली सही माझी.

मेट्रोचा फायदा नाही असं मात्र म्हणणार नाही. २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती स्वारगेटपर्यंत आली आणि तेव्हापासनं पिंपरी चिंचवडची पोरंपोरी पुष्कळ यायला लागलीत. त्यातली बहुतेक तुळशीबागेत कानातली घेऊन परत, पण निदान येतात.

---

तिसरी_घंटा

मंडईवरनं आठवलं. १८८६ ला बांधली तेव्हा तिचं नाव रे मार्केट, गव्हर्नरच्या नावानं. जोतिरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना मंडईवर एवढा पैसा घालायला विरोध केलेला, गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून. आणि पुढं तिला नाव कुणाचं दिलं? महात्मा फुले मंडई. पुणेरी टोमणे नुसते पाट्यांवर असतात असं नाही.

---

इंदापूरचा_पाव्हणा

बापरे, दोन दिवस लग्नाच्या गडबडीत बघितलं नाही तर एवढं.

@गादीवाला, टॉवेल चांगले निघाले, रंग गेला नाही. आणि इंदापूरच्या जीपांचं लिहिलंत ते अगदी खरं, माझ्या मोठ्या बहिणीचा बस्ता लक्ष्मी रोडलाच बांधलेला, आत्या रुसली होती (आता कळलं तिची समजूत कुणी काढली). पण खरं सांगतो, या पुतणीचा बस्ता आम्ही गावातच बांधला. मी स्वतःच हो म्हणलं होतं. म्हणजे इथं येऊन खिडक्या मोजणाऱ्यातला पण मी आणि जीप न आणणाऱ्यातला पण मीच.

@मुठेपलीकडची, नळाचं आमच्या मातोश्रींना वाचून दाखवलं, नुसत्या हूं म्हणाल्या आणि उठून गेल्या.

---

कॉट_बेसिस

सर, मी रोजच वाचतो इथं, लिहायची पहिलीच वेळ, चूकभूल माफ करा.

पेठांत वस्ती नाही म्हणालात ते वाचून जरा वाईट वाटलं. आम्ही राहतो की. मी धाराशिव जिल्ह्यातला, राज्यसेवेची तयारी करतो, तीन वर्षं झाली, सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॉट बेसिसवर आहे. एका खोलीत पाच कॉट, कॉटखाली ट्रंक, ट्रंकेत सगळा संसार. अशा खोल्या आमच्याच जिन्यात नऊ आहेत. रात्री दीडला येऊन मोजा, आमच्या गल्लीत तुम्हाला अंधारातली खिडकी सापडायची नाही, अभ्यासिकेचे दिवे तर बंदच होत नाहीत, बटण कुठं आहे ते पण कुणाला ठाऊक नाही.

फक्त आम्हाला कुणी रहिवासी म्हणत नाही. मतदान गावाकडं, रेशन कार्ड गावाकडं. मेसवाल्या मावशी, झेरॉक्सवाला, रात्री पोहे विकणारा आणि आप्पा बळवंत चौकातला जुनी पुस्तकं देणारा, एवढ्या लोकांना आमची नावं माहिती आहेत. गेल्या दिवाळीला सगळे गावी गेले, मी पैसे नव्हते म्हणून थांबलो, तर मावशींनी फराळ आणून दिला, चिवडा जरा खारट होता पण दिला.

ते रविवार पेठेतलं दुकान कुठं आहे नीट सांगता का सर? मला शिडीची सवय आहे, गावाकडं पत्र्यावर सोयाबीनची पोती मीच चढवायचो. वजन ५४ किलो आहे.

---

खुन्यामुरलीधराजवळ

कॉट_बेसिस, पहिलाच प्रतिसाद आणि धागा खाल्लास गड्या. मीच वर पाव्हण्यांना सदाशिवात येऊन मोजा म्हणालो, पण खरं सांगतो, मला आपली जुनी बिऱ्हाडंच डोळ्यापुढं होती. आमच्या वरच्या मजल्यावर पण सहा पोरं राहतात आणि चार वर्षांत मी फक्त त्यांच्या चपलांबद्दल बोललोय.

---

इंदापूरचा_पाव्हणा

@कॉट_बेसिस, चूक कबूल. मी एका पेठेवरनं अठरा पेठांचा हिशेब लावला. दुकानाचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बटणाचा फोटो पण, मागची तांब्याची कडी नीट बघ. सांभाळून चढ रे बाबा, बटण नाही मिळालं तरी चालंल, वडलांना मी सेफ्टी पिन लावून उभं करीन.

---

कॉट_बेसिस

सर, जाऊन आलो.

काका आधी आत घेईनात. फोटो दाखवला, तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाले तो टॉवेलवाला का. (पिशवीवरनं लक्षात ठेवलं असणार.) शिडी त्यांनी स्वतः धरली, गुडघ्यानं दाबून. माळ्यावर उभं राहता येत नाही, रांगत जायचं, धूळ एवढी की मोबाईलच्या टॉर्चमधे आधी नुसतं पांढरंच दिसलं. खालनं काका सांगत होते, डावीकडं, खांबाच्या मागं, लाल फीत बांधलेली पेटी, ती नाही, तिच्या खालची. वीस वर्षं वर गेले नव्हते म्हणे पण एक पेटी चुकली नाही. लाल फितीची आता विटकरी झालीय, म्हणून मला वेळ लागला.

कमळाच्या बटणांचा डबा सापडला. आत तीन होती. दोन त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिली, तिसरं मागितलं तर नाही म्हणाले, ते डब्याच्या तोंडावर शिवायचं आहे, वरचं जुनं गळून पडलंय. मग म्हणलं अहो आत मालच राहिला नाही तर बाहेर नमुना कशाला. काही बोलले नाहीत, सुई ओवून माझ्याच हातात दिली, त्यांना दोरा दिसत नव्हता.

पैसे घेतले, दोन बटणांचे चाळीस. निघताना विचारलं, रोज संध्याकाळी तासभर येतोस का, माळा लावायचाय सगळा. पूर्व परीक्षा झाली की सांगतो म्हणलं.

सर, नाशिकचा पत्ता व्यनि करा, का इंदापूरलाच पाठवू?